५ एटीएम लिहिलंय, मग काचेखाली धुकं कसं?

दुपारचा_चहा
पावसाळा लागला की हा प्रश्न चार वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेला सापडतो, म्हणून एकाच जागी विचारतो. स्मार्टवॉचवर ५ एटीएम (पाण्याचा किती दाब सोसेल त्याचा आकडा) छापलेलं. वापर दोन वर्षं, पोहणं शून्य, फक्त पाऊस आणि रोजची अंघोळ. काचेच्या खालच्या कडेला आतून धुकं धरतं आणि तासाभरात जातं.
१) ५ एटीएम म्हणजे ५० मीटर ना? मग अंघोळीच्या पाण्याने काय बिघडतं?
२) आयपी६८ आणि ५ एटीएम यांत वरचढ कोण?
३) आता करायचं काय? तांदळाचा डबा सोडून सांगा.

तिरकी_सुई
पहिलं आधी घेतो. ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल पाण्यात जेवढा जादा दाब असतो तेवढा दाब. घड्याळ घालून ५० मीटर खाली जा, असा त्याचा अर्थ नाही. घड्याळांचं मानक आहे आयएसओ २२८१०, साल २०१०. त्यात नक्की काय करतात ते बघा:

घड्याळ १० सेंटिमीटर पाण्यात तासभर ठेवतात. मग तेवढ्याच पाण्यात चावीवर (कडेच्या फिरत्या गुंडीवर) आणि बटणांवर ५ न्यूटन, म्हणजे साधारण अर्ध्या किलोचा जोर देऊन १० मिनिटं. मग ४० अंश, २० अंश, पुन्हा ४० अंश अशा पाण्यात पाच-पाच मिनिटं. शेवटी दाबाच्या भांड्यात छापील दाब देऊन १० मिनिटं. संपली परीक्षा.

या यादीत साबण नाही, गंजाची चाचणी नाही आणि घड्याळ दोन वर्षं जुनं होणं तर नाहीच. शिवाय प्रत्येक नग तपासायची सक्ती नाही, नमुने घेऊन चालतं. पाणबुड्यांच्या घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ ६४२५. तिथे प्रत्येक नग छापील दाबाच्या सव्वापट दाबाखाली घालतात. आपल्या मनगटावरचं स्मार्टवॉच बहुतेक वेळा पहिल्या जातीचं असतं.

गॅस्केट
दुसऱ्याचं उत्तर: दोघांत वरचढ-खालचढ नाही, परीक्षाच वेगळ्या आहेत. आयपी हे विजेच्या कुठल्याही उपकरणाच्या आवरणाचं मानक, आयईसी ६०५२९. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. शेवटी ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती ते कंपनीने स्वतः सांगायचं. म्हणून नुसतं 'आयपी६८' वाचून काही कळत नाही. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत '१.५ मीटर, ३० मिनिटं' असं काहीतरी शोधायचं. तेच सापडलं नाही तर त्या ८ ला काही अर्थ नाही.

आता गंमत बघा. ७ किंवा ८ मिळालं म्हणजे खालचे ५ आणि ६ आपोआप मिळाले असं नाही. ५ आणि ६ ही पाण्याच्या फवाऱ्याची परीक्षा आहे: ५ ला ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर, ६ ला १२.५ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटर. बुडवून पास झालेलं घड्याळ फवाऱ्यात नापास होऊ शकतं. दोन्ही जमत असेल तर कंपनी दोन्ही आकडे छापते.

नॉइझ, बोट, फायर-बोल्ट यांच्या स्वस्त घड्याळांपैकी पुष्कळांवर फक्त आयपी६७ किंवा आयपी६८ असतं. ती पाऊस, घाम, हात धुणं एवढ्यासाठी आहेत. पोहायचं तर किमान ५ एटीएम लिहिलेलं हवं. सॅमसंग गॅलेक्सी वॉचवर दोन्ही छापतात ते याचसाठी.

पाणकावळा
एक भर. मी जे ऐकलंय त्यानुसार पोहताना हात पाण्यावर आपटला की दाब कैक पटींनी वाढतो. म्हणून ५० मीटरचं घड्याळ प्रत्यक्षात ५ मीटरलाही टिकत नाही.

तिरकी_सुई
@पाणकावळा, ही फार जुनी समजूत आहे. हिशेब मांडला की उतरते. हलत्या पाण्याचा दाब = अर्धा × घनता × वेगाचा वर्ग.

हात सेकंदाला ३ मीटर वेगाने पाण्यात शिरला: ४,५०० पास्कल. म्हणजे ०.०४५ बार (१ बार जवळपास १ एटीएमएवढाच), अर्धा मीटर खोलीसुद्धा नाही.
१० मीटरच्या फळीवरून उडी: पाण्याशी वेग सेकंदाला १४ मीटर, दाब साधारण १ बार, म्हणजे १० मीटर खोलीएवढा.
ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या जेट-स्कीवरून पडलात: १.४ बार, १४ मीटर.

यातलं काहीच ५ बारच्या जवळ येत नाही. नव्या घड्याळात नुसत्या दाबाने पाणी शिरत नाही.

पाणकावळा
मग कंपन्या वॉटर-स्कीइंगला नको म्हणतात ते उगाच का? ॲपलनेसुद्धा ५० मीटरवाल्या घड्याळांसाठी स्कूबा आणि वेगाच्या पाण्यातले खेळ नको असं स्पष्ट लिहिलंय.

तिरकी_सुई
उगाच नाही, आणि ते पाळायचंच. हिशेब सपाट काचेवर सरळ येणाऱ्या पाण्याचा आहे. प्रत्यक्षात धार तिरकी येते, काचेच्या कडेखाली घुसते आणि चिकटपट्टीला सोलल्यासारखं करते. स्पीकरच्या भोकातून थेट आतल्या पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्यावर बसते. वर आपटण्याचा धक्का वेगळाच. सांगायचं इतकंच, की 'दाब कैक पटींनी वाढतो' हे कारण खोटं आहे. खरी कारणं दुसरीकडे आहेत. @गॅस्केट, साबणाचं तुम्ही सांगा.

गॅस्केट
सांगतो, पण आधी घड्याळात पाणी अडवतंय कोण ते बघू. तीन राखणदार आहेत.

एक, काचेखालची आणि मागच्या सेन्सरच्या भिंगाभोवतीची चिकटपट्टी. जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंद. दोन, चावीच्या आणि बटणांच्या दांडीवरच्या रबरी ओ-रिंग. तीन, स्पीकर, माइक आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर यांच्या भोकांआडचा पातळ पांढरा पडदा. हा टेफ्लॉन ताणून केलेला असतो. त्याला अतिसूक्ष्म छिद्रं असतात: हवा जाते, आवाज जातो, पाणी जात नाही. पाणी अडतं ते भोक बंद असल्यामुळे नाही, तर पाण्याच्या पृष्ठताणामुळे. अळूच्या पानावर थेंब गोळी होऊन बसतो ना, तोच प्रकार.

आता साबण. साध्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन. साबण, शाम्पू, भांड्याचं लिक्विड मिसळलं की तो तिशीच्या आसपास उतरतो. छिद्रात शिरायला लागणारा दाब पृष्ठताणावर ठरतो, म्हणजे तो तिथेच निम्म्याहून खाली. वर साबणाचं पाणी टेफ्लॉनला चिकटतंही जास्त. एकदा पडदा ओला झाला की त्याच वाटेने साधं पाणीही पुढे सरकतं. म्हणजे ज्या घड्याळाने तलावात वर्ष काढलं ते बेसिनपाशी भांडी घासताना हरू शकतं.

शेगडी
आणि गरम पाणी?

गॅस्केट
गरम पाणी साबणाइतकंच वाईट. गीझरचं पाणी ४५ अंश धरा. घड्याळ तापलं, आतली हवा फुगली, थोडी पडद्यातून बाहेर गेली. मग गार पाण्याचा तांब्या ओतला किंवा एसीच्या खोलीत आलात. ४५ वरून २५ अंशावर आलं की आतला दाब साधारण ६ टक्क्यांनी पडतो. म्हणजे ६० मिलिबारच्या वर ओढ, ६० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी. बाहेरून ढकलणारं पाणी आणि आतून ओढणारं घड्याळ. त्यात कडेला साबणाचं पाणी अडकलेलं असेल तर ते आत जायला वेळ लागत नाही.

चिकटपट्टीही उष्णतेने सैल पडते. दुरुस्तीवाले काच उघडतात ती गरम करूनच. तुमचं गीझरचं पाणी तेवढं तापलेलं नसतं, पण रोज थोडं थोडं तेच काम करत असतं. ॲपल आपल्या घड्याळासाठी वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. वाफेची खोली, सौना आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं सगळी या रेषेच्या पलीकडची.

शेगडी
म्हणजे दिवाळीचं अभ्यंगस्नान घड्याळ घालून केलं तर तेल, उटणं, कढत पाणी आणि साबण, चारी दुश्मन एकाच सकाळी.

गॅस्केट
अगदी. तेलाने आणि सनस्क्रीनने रबर हळूहळू फुगतं किंवा चिवटपणा सोडतं. उटण्याचा बारीक कण स्पीकरच्या जाळीत बसला की तो निघत नाही. रंगपंचमीचा कोरडा रंगही तसाच. पिचकारीच्या पाण्याने काही होत नाही, पुडीतल्या रंगाने होतं.

दुपारचा_चहा
बाथरूममधला जेट स्प्रे? तो तर रोज मनगटाजवळच असतो.

तिरकी_सुई
दाब मोजणं सोपं आहे. टाकी गच्चीवर, तुम्ही चार मजले खाली, मजला ३ मीटर धरला तर १२ मीटर, सव्वा बारच्या आसपास. उंच इमारतीत प्रेशर पंप असेल तर आणखी. घड्याळाच्या छापील दाबाच्या आतच आहे, पण ही धार एका बिंदूवर बसते, आणि माणूस घड्याळ साफ करायला नेमकी तीच स्पीकरच्या भोकावर धरतो. ते नको. गाडी धुण्याच्या पंपाचं तर बोलूच नका, घरगुती पंपसुद्धा १०० बारच्या घरात असतात. हातात पाइप असेल तेव्हा मनगट रिकामं हवं.

खाडीकाठ
'वॉटर लॉक'बद्दल कोणी बोललं नाही. बऱ्याच जणांना वाटतं थेंबाचं चिन्ह दाबलं की घड्याळ आतून कुलूपबंद होतं. काहीही बंद होत नाही. फक्त टचस्क्रीन बंद होते. पाण्याचे थेंब बोटासारखे भासतात आणि घड्याळ आपोआप कुणाला तरी फोन लावतं, ते टाळण्यापुरतं. बाहेर येताना चावी किंवा बटण दाबून धरलं की ॲपलसारख्या काही घड्याळांत स्पीकर घुर्र आवाज करून आपल्या भोकातलं पाणी बाहेर फेकतो. तेवढाच त्याचा पाण्याशी संबंध. लॉक लावून कढत पाण्याखाली उभं राहिलात तर पाणी काही विचारायला येत नाही.

मिणमिण
पोहून आल्यावर स्पीकरचा आवाज बसलेला येतो आणि उंची दाखवणारं यंत्र अडकतं. घड्याळ गेलं असं समजायचं का?

खाडीकाठ
नाही. पडद्याबाहेरच्या खोबणीत पाणी आहे इतकंच. घड्याळाची स्पीकरची बाजू खाली करून तळहातावर हलकेच आपटा, पाणी फेकण्याची सोय असेल तर दोन-तीनदा चालवा, मऊ कापडावर उताणं न ठेवता आडवं ठेवा. काही तासांत आवाज सुटतो. सुटला नाही तर खोबणीत मीठ किंवा साबण वाळलाय. कोमट गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरा आणि पुन्हा वाळवा.

उंची दाखवणाऱ्या त्या हवेच्या दाबाच्या सेन्सरची एक सोपी परीक्षा: घड्याळ हवाबंद झिपच्या पिशवीत थोडी हवा ठेवून घाला आणि पिशवी हलकेच दाबा. हवेच्या दाबाचा, हेक्टोपास्कलचा आकडा हलायला हवा. हलला म्हणजे भोक मोकळं आहे. ढिम्म राहिला म्हणजे बुजलंय.

न करायच्या गोष्टी: सुई, टाचणी, टूथपिक, हेअर ड्रायर, पंक्चरवाल्याकडची हवा. पहिल्या तिघांनी पडदा फाटतो, चौथ्याने चिकटपट्टी सुटते, पाचव्याने पाणी आत ढकललं जातं. भोकावर व्हॅसलीन चोपडायचा सल्लाही कुठेतरी फिरतोय. त्याने पडदाच बुजतो.

दुपारचा_चहा
माझ्या मूळ धुक्याकडे येऊया का?

गॅस्केट
येऊया. धुकं तीन जातींचं.

काचेच्या बाहेरून, एसीतून बाहेर पडल्यावर, बोटाने पुसलं की जातं. हे चष्म्यावर येतं तेच. विसरा.

आतून, गार झाल्यावर येतं आणि तासाभरात जातं. तुमचं हे. आत दमट हवा आहे, पाणी नाही. प्रमाण लक्षात घ्या: घड्याळात मोकळी हवा असून असून एक घनसेंटिमीटर. ३० अंशाची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये ३० ग्रॅम वाफ धरते, म्हणजे तुमच्या घड्याळात ३० मायक्रोग्रॅम. काच २० अंशावर आली की त्यातले दहा-बारा मायक्रोग्रॅम काचेवर बसतात आणि तेवढं डोळ्यांना दिसतं. जुलैत मुंबईत दुकानात काच उघडून परत चिकटवली तरी एवढी दमट हवा आत बंद होते. म्हणून पहिला प्रश्न: घड्याळ कधी उघडलंय का? उघडलं नसेल तर कुठूनतरी हवा ये-जा करतेय. हवेला वाट आहे तर उद्या साबणाच्या पाण्यालाही आहे.

तिसरी जात, आत थेंब किंवा ओघळ दिसतो, जात नाही. ते गळकं. त्याला तातडी आहे, खाली लिहितो.

दुसऱ्या जातीची घरगुती चाचणी. घड्याळवाले हेच करतात, फक्त ते ४० ते ४५ अंशाच्या तव्यावर घड्याळ तापवून काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवतात. आपण तवा वापरायचा नाही. घड्याळ अर्धा तास मनगटावर घालून कोमट होऊ द्या, काढा, काचेच्या मधोमध फ्रिजच्या पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभर थांबा, पुसा आणि दिव्याखाली तिरकं धरून बघा. थेंबाच्या जागी आतून पांढरा डाग उमटला की आत ओल आहे. नाही उमटला तर निदान आज तरी कोरडं आहे.

बादलीत टाकून 'बघूया तरी' हा प्रयोग करू नका. नापास झालं तर निकालासकट घड्याळ जातं.

तिरकी_सुई
चाचणीबरोबर एक गोष्ट तपासा, कारण दोन-तीन वर्षांच्या घड्याळात धुक्याचं हे नेहमीचं कारण आहे आणि लोक ते पाण्यावर ढकलतात: बॅटरी फुगणं. आतली लिथियम बॅटरी पाकिटासारखी असते. जुनी झाली, उन्हात तापली की वायू धरते आणि काच आतून वर ढकलते. चिकटपट्टी एका कडेने सुटते. काच आणि चौकट यांच्या फटीत व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा चारी बाजूंनी फिरवून बघा. एका बाजूला अडकला, शिरला, तर तीच वाट. अंधारात स्क्रीन पूर्ण उजळ केली की त्या कडेतून उजेडाची रेघही दिसते. असं असेल तर आधी चार्जिंग थांबवा. काच दाबून खाली बसवायचा मोह आवरा, फुगलेली बॅटरी दाबणं धोक्याचं आहे. पाण्याची चिंता त्यानंतरची.

खाडीकाठ
आणि दुकानात बॅटरी किंवा काच बदलून घेतली असेल तर डब्यावरचा आकडा त्या दिवशी संपला असं धरा. गल्लीतल्या दुकानात बहुधा बी-७००० किंवा टी-७००० गोंद लावतात. गोंद वाईट नाही, पण पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात आणि दुकानदार तासाभरात घड्याळ हातात देतो. घेतानाच विचारा: मूळ मापाची कापीव चिकटपट्टी लावणार का, जुना गोंद पूर्ण खरवडणार का, क्लिप लावून किती वेळ ठेवणार. गोंद कडेला सगळीकडे सारखा नसला, एक केस अडकला, तरी वाट राहते.

मिणमिण
साध्या घड्याळांच्या दुकानात दाबाचं यंत्र असतं ना? त्यात घालून घेतलं तर?

तिरकी_सुई
ते कोरडं यंत्र हवेचा दाब देऊन केस किती दबते-फुगते ते मोजतं. हवा आत शिरली तर केस परत मूळ आकारावर येते आणि यंत्र 'गळकं' म्हणतं. स्मार्टवॉचच्या पडद्यातून हवा मुळातच जाते. म्हणजे धडधाकट घड्याळही नापास दिसू शकतं. चावीच्या जुन्या घड्याळाला उत्तम यंत्र, इथे त्याच्या निकालावर विसंबू नका.

शाळेची_घंटा
लहान मुलांची सिमकार्डवाली घड्याळं येतात, त्यांचं काय? डब्यावर आयपी६७ असतं आणि पहिल्याच पावसात बंद पडतात.

गॅस्केट
दहातल्या नऊ वेळा सिमच्या झाकणाची गोष्ट. झाकणाच्या आतल्या बाजूला केसाएवढी रबरी कड असते. सिम घालताना ती दुमडते, किंवा झाकण एका बाजूने अर्धा मिलिमीटर वर राहतं. दुरून बसलेलं दिसतं. सिम घालून झालं की: कड कोरड्या ब्रशने साफ, दुमड नाही हे भिंगातून बघा, झाकण दोन्ही टोकांनी दाबा, नख फिरवून वर आलेला भाग नाही ना ते तपासा. स्क्रूचं झाकण असेल तर सगळे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलं की रबर एका बाजूला सरकतं. सारखं उघडायचं नाही, आणि तरणतलावात ते घड्याळ न्यायचंच नाही.

मालवणी_गरवा
समुद्राचं सांगा कोणीतरी. तारकर्लीत स्कूबाला येणारे घड्याळ घालूनच उतरतात.

खाडीकाठ
स्कूबासाठी ५ एटीएम चालत नाही, मग तो उथळ का असेना. त्यासाठी बनवलेली घड्याळं निराळी: ॲपल वॉच अल्ट्रा, २०२२ पासूनचं, १०० मीटरचा आकडा आणि खोली मोजणाऱ्या डायव्हिंगच्या साधनांचं ईएन १३३१९ मानक, तरी कंपनी ४० मीटरपर्यंतच्या हौशी डायव्हिंगलाच हो म्हणते. गार्मिनची डिसेंट मालिकाही त्याच कामाची. बाकी सगळ्यांनी बोटीवर काढून ठेवा.

किनाऱ्यावर डुंबायला ५ एटीएम ठीक. पण खारं पाणी वाळण्याआधी धुवायचं. मिठाचे स्फटिक एकदा चावीच्या खोबणीत वाळले की ते कानसासारखे ओ-रिंग घासतात. पद्धत: वॉटर लॉक लावा, मगभर गोड्या पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवून ठेवा, मग बारीक धारेखाली चावी १०-१५ सेकंद गोल फिरवा. फिरवायची, दाबायची नाही. पट्टा काढून त्याच्या खाचा वेगळ्या धुवा. मऊ कापडाने टिपा. सिलिकॉनचं बंपर कव्हर असेल तर तेही काढा, खरं मीठ त्याच्याखालीच साठतं. माझ्या मते दमट किनाऱ्यावर बंपर लावण्यापेक्षा न लावलेलं बरं.

तरणतलावाच्या क्लोरीनलाही हेच, बुडवून ठेवायची गरज नाही, धार पुरते.

शेगडी
चार्जरच्या टाचण्या हिरव्या पडतात त्या याच मिठाने?

तिरकी_सुई
मीठ आणि वीज दोन्हीने. चुंबकाने चिकटणारा दोन किंवा चार टाचण्यांचा चार्जर प्लगमध्ये असताना टाचण्यांवर ५ व्होल्ट असतात. घामट घड्याळ तसंच ठेवलं की मधल्या ओलाव्यातून प्रवाह वाहतो आणि धन बाजूची टाचणी विरघळायला लागते. म्हणून नेहमी एकच टाचणी आधी काळी-हिरवी होते, नीट बघा. उपाय: चार्जर बंद, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानातली कापूसकाडी बुडवून घासा, हट्टी डागाला जुना मऊ टूथब्रश. खोडरबर नको, वरचा सोन्याचा मुलामा जातो आणि पुढच्या खेपेला गंज दुप्पट वेगाने धरतो. घड्याळाच्या मागच्या बाजूच्या चकत्याही तशाच पुसा, पट्ट्याला अल्कोहोल लागू देऊ नका. मग दोन्ही कोरडं झाल्यावर चार्जिंग.

गॅस्केट
आता तिसऱ्या जातीची तातडी. आत थेंब दिसला:

१. लगेच बंद करा. रीस्टार्ट नाही, पूर्ण बंद. वीज आणि पाणी एकत्र आले की गंज तासांत सुरू होतो, नुसत्या पाण्याला दिवस लागतात.
२. चार्जरवर ठेवू नका, 'चालतंय का' बघायलाही नाही. एकदा बंद केलं की बटणं, चावी दाबू नका.
३. बाहेरून खारं किंवा साबणाचं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्याने झटकन धुऊन टिपा. गळती तशीही आहे, मीठ तरी वाढू नये.
४. पट्टा काढा, हवाबंद डब्यात ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे मणी), त्यावर घड्याळ भोकांची बाजू खाली.
५. एका दिवसाच्या आत उघडणाऱ्याकडे न्या. बॅटरीची वायर आधी सोडवून बोर्ड ९९ टक्के अल्कोहोलने धुतला तर वाचण्याची आशा असते.

चौथी पायरी पाचवीला पर्याय नाही. घड्याळ इतकं बंद असतं की आतलं पाणी जेलपर्यंत पोचायला त्याच चिंचोळ्या वाटेने यावं लागतं. पाणी गेलं तरी त्यातलं मीठ बोर्डावर राहतं, आणि आठवड्याने 'वाळलेलं' घड्याळ मरतं ते त्यामुळे.

वॉरंटीची आशा कमी ठेवा. पाण्याचं नुकसान बहुतेक कार्डांवर वगळलेलं असतं, आणि आत पाणी लागलं की लाल होणारी चिकटपट्टीही बऱ्याच ठिकाणी असते.

दुपारचा_चहा
तांदूळ?

शेगडी
भात लावा आणि खा. तांदळात स्वतःचीच बारा-चौदा टक्के ओल असते, कोकणात जुलैत त्याहून जास्त. वर त्याची पिठी स्पीकरच्या जाळीत बसते.

सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओल धरली की हिरवं होतं. निळं टाळा, त्यात कोबाल्ट असतं. पुन्हा वापरायचं तर १२० अंशाला दोन तास, पण ज्या ओव्हनमध्ये नानकटाई भाजता त्यात नको.

दुपारचा_चहा
कार्डाचा कोपरा फिरवला. सात वाजायच्या बाजूला नखभर शिरतोय. फ्रिजच्या थेंबाखाली डागही आला. उघडलेलं कधीच नाही.

तिरकी_सुई
मग बॅटरी. बंद करून ठेवा, कोरड्या जागी, उशाशी नाही. मूळ सेवा केंद्रात फक्त बॅटरी बदलून देतात का ते विचारा, काही कंपन्या अख्खं घड्याळच बदलतात आणि पैसे त्या हिशेबाने घेतात. घड्याळाच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगितला तर बाहेर बॅटरी टाकून घ्या आणि इथून पुढे ते पावसापुरतं घड्याळ समजा.

मालवणी_गरवा
एक राहिलंच. पट्ट्याच्या दोन टोकांच्या स्प्रिंगच्या पिना. घड्याळ धुतात, पिना कोणी बघत नाही. खाऱ्या पाण्याने त्या आतून गंजतात आणि लाटेत पट्टा सुटतो. घड्याळ बुडालं ते पाणी शिरून नाही, तळाला जाऊन. दर मोसमाआधी पिना काढून वाकवून बघायच्या, तपकिरी डाग दिसला की बदलायच्या. ३१६एल जातीच्या, गंज कमी धरणाऱ्या स्टीलच्या मागा, रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून. २० आणि २२ नेहमी मिळतात.